पळसाची खालची फांदी

...आणि वर मलाच विचारतात, "फेबियन, तोंड का पाडलंयस?" अहो, तोंड पाडू नको तर काय बँड लावून नाचू? तुम्हाला सांगतो, म्हाताऱ्या माणसांना जगात दोनच कामं. आधी आपलं वाटोळं करायचं आणि मग प्रेमाने पाठीवरून हात फिरवायचा!

झालं काय, मी कॉलेज सोडलं. सोडलं म्हणजे सोडलं, त्यावर भाषण नको, घरी रोज होतं. बाबांचं एकच टुमणं, "इग्नेशियसकाकांच्या वाडीत जा, मोगरा खुडायला." आमच्या गिरीजमध्ये पोराचं काही जमत नसलं की त्याला वाडीत सोडतात, बैल सोडावा तसा! पण वसईत प्लासिडचा फोटो स्टुडिओ आहे. प्लासिड म्हणाला, "हा कॅमेरा ने, आत रंगीत रोल आहे. रानातल्या फुलाचा एक, एकच चांगला फोटो आण. झाडावरचा, फुललेला. जमला तर ये माझ्या हाताखाली." आणि नाही जमला तर? तर वाडी!

बरं, मी पळस हेरून ठेवलेला. तिकडे चांदीप गावाला, शेताच्या बांधावर. पान नाही झाडाला, नुसता पेटलेला! पण वरची फुलं त्या कॅमेऱ्यात मुंगीएवढी दिसणार. एकच फांदी खाली वाकलेली, खांद्याएवढी. म्हटलं आत्ता निघतो... कसला निघतो! कॅमेरा घरात आलेला आईने पाहिला ना! "आधी घरच्यांचे काढ. फूल काय पळून जातंय?" आजी म्हणाली, "माझा एक काढ, कबरीवर लावायला." अगं आजी, धडधाकट आहेस की! तर म्हणते, "मग काय मेल्यावर हसू?" लुगडं नेसून, सोनं घालून बाई बाहेर आल्या तोवर दुपार! रॉबर्टमामाने तर स्वतःचा नाही, स्कूटरचा काढून घेतला. दोन्ही बाजूंनी! मी ओरडलो, अरे फुलं गळतील, चार दिवसांचा खेळ असतो तो! तर बाबा पेपरातून मान वर न काढता म्हणतात, "उपवासकाळात चर्चच्या वेदीवरसुद्धा फुलं नसतात, आणि ह्याला आत्ताच फुलं सुचताहेत! फूल काय पळून जातंय?"

राहिला रोलमध्ये एक फोटो. एक!

दुसऱ्या दिवशी निघालो तर इग्नेशियसकाका चप्पल घालून हजर. "एकटा रानात कशाला जातोस? मी येतो." येतो म्हटल्यावर येणारच, विचारतंय कोण? एसटीत अख्ख्या गाडीला सांगत होते, "पुतण्या आहे. फोटोग्राफर होणारेय. डोकं जरा गरम आहे, पण पोरगा चांगला." तेव्हा जरा बरं वाटलं होतं हो मला... जाऊ द्या.

पोचलो तर फांदी फुललेली! अस्सा केशरी रंग! पण नेमका सूर्य ढगाआड. काका म्हणाले, "बस जरा. फूल काय पळून जातंय?" मला तहान लागलेली, विहिरीवर गेलो. पाणी प्यायलो, तोंड धुतलं, परत आलो. लागला किती वेळ?

तुम्हाला सांगतो, फांदीवर एक फूल नाही. एक नाही! नुसत्या काळ्या कळ्या, जळक्या काड्यांसारख्या रांगेत उभ्या. आणि काका हात झटकत हसताहेत. "घे, साफ केली तुला फांदी! सगळा उघडलेला माल होता रे. उघडलेलं फूल दादरच्या फुलबाजारात कुत्रं विचारत नाही. आता बघ कशी कोरी कळी दिसतेय!"

हा माणूस जन्मभर पहाटे उठून मिटलेली कळी खुडत आलाय. फूल उमललं म्हणजे ह्याच्या लेखी नासलं! म्हटलं निदान खुडलेली कुठे आहेत, तीच टाचून लावतो... तर मागे कुणाच्या तरी बकऱ्या मिटक्या मारताहेत! फूल काय पळून जातंय? गेलं ना! चार पायांवर गेलं!

"काढ ना, थांबलास का?" काकांनी वर त्या कळ्यांवर ओंजळीने पाणीसुद्धा शिंपडलं, मोगऱ्याच्या टोपलीवर शिंपडतात तसं. काढला. काय करणार, काढला.

रोल धुऊन आला. प्लासिडने फोटो आडवा धरला, उभा धरला. "फेबियन, हे काय? काड्यापेटी?" मी सगळं सांगितलं. पठ्ठ्या हसला, हसला, डोळे पुसले आणि म्हणाला, "ये पुढच्या वर्षी, पळस फुलला की."

तोवर? तोवर काकांची वाडी! रोज अंधारात उठतो, कमरेला टोपली बांधतो आणि काका मागून ओरडतात, "फेबियन, हात चालव, सूर्य वर आला की उमलतील!"

म्हणजे बघा, निघालो होतो फुललेल्या फुलाचा फोटो काढायला... आणि आता नोकरी कसली, तर गावात एक फूल फुलू द्यायचं नाही!