माझ्या माहेरचं कुत्रं

माझं माहेर कुंभारी, हितून जवळच, आन् तितं आमच्या कुत्रीला पिल्लं झाली तवा त्यातलं एक तांबडं पिल्लू मी पदरात गुंडाळून एष्टीनं सोलापूरला आनलं, कंडक्टरनं बगून न बगितल्यावानी केलं, म्हंजे पयल्यापासनं ते माझं, हे आदी ध्यानात ठिवा, कारन पुढं घरातले समदे इसरले. बंड्या नाव बी मीच ठिवलं.

सासरी आमच्या घरातच माग, चादरीचा. मामंजी आन् आमचं मालक माग चालवायचे आन् आमी दोगी जावा सोप्यात बसून रहाटावर कांड्या भरायचो, लडीचं सूत उलगडून बारक्या कांडीवर गुंडाळायचं, आमचा हात थांबला की माग थांबला. धाकटी जाऊ नीलव्वा, अक्कलकोटाकडची, कानडी बोलनारी, गोरी, हसरी, काय सांगू तुमाला, आली ती सासूच्या गळ्यातला ताईतच झाली, वरीस सरायच्या आत पोरगं बी झालं तिला. मला न्हाई पोर. असू द्या. पन म्हनून सांगते, त्या घरात माझं म्हनावं असं एकच जित्राब व्हतं आन् ते हे कुत्रं.

आता पिल्लू म्हंजे नुसता धुडगूस. दात कसले, सुया त्या. घोट्याला चाव, लुगड्याच्या काठाला लोंबकळ, कांडी भरताना बोटंच धर. मी चापट मारली की त्याला वाटायचं खेळतीया, आनिक जोरानं यायचं. खराटा दावला तर खराट्याच्या काड्या खाल्ल्या. मग मी डोकं लढवलं, मागाखाली पडल्यालं तुटकं सूत गोळा केलं, त्याचा गच्च चेंडू वळला आन् दिला त्याला, चाव म्हनलं किती चावायचं ते. लई शांत झालं बगा. पन त्याला काय ठावं कुटलं सूत टाकायचं आन् कुटलं चादरीचं, त्याला वाटलं सूत म्हंजे आपलंच. एक दिस वाळत घातलेली लाल लडी वडून न्हेली आन् अंगनभर गुंता. मामंजी मला म्हनाले, थोरले, पुन्ना ह्यानं कशाला तोंड लावलं तर मोहोळच्या बाजाराला जानाऱ्या ट्रकात घालून दीन. मामंजी बोलले म्हंजे करनारच.

आन् तवा ही नीलव्वा मधी आली. म्हनली अक्का, मी बगू का. मी काय म्हननार, बग म्हनलं. तिनं माझा चेंडू चुलीत घातला, मला इचारलं बी न्हाई. तिच्या हातची कडक भाकरी, पापडावानी पातळ, महिनाभर टिकनारी, तिचा तुकडा दिला त्याला चगळायला. सुताकडं तोंड न्हेलं की म्हनायची ब्याड, म्हंजे नगं, आन् सूत काडून भाकरी द्यायची. बोटाला दात लागला की वरडायची न्हाई, मारायची न्हाई, हात काडून घ्यायची आन् भिंतीकडं तोंड करून बसायची. बंड्या बिचारा तिच्या मागं कुईकुई करत बसायचा. मग कुंद्रु म्हनायची, बस म्हंजे, आन् तो बसला की मग कुटं हात लावायची.

पंदरवड्यात पिल्लू सुधारलं. सासूबाई म्हनल्या, नीलव्वाच्या हाताला गुन हाय. मी कांडी भरत व्हते, सूत तुटलं माझ्या हातनं. जळले मी, खोटं कशाला बोलू, लई जळले. मी बस म्हनलं की माझ्या तोंडाकडं बगायचा, तिनं कुंद्रु म्हनलं की ढुंगन टेकवायचा. माझ्या माहेरचं कुत्रं आन् कानडी शिकलं. मी दुधात कालवून भाकरी दिली तर खायची आन् निजायचं जाऊन तिच्या पायापाशी. मी मालकांला म्हनलं, तिला पोर हाय, सासूची माया हाय, आता माझं कुत्रं बी पायजे का तिला. मालक म्हनले, अगं कुत्रं ते, त्याच्यावरनं काय भांडायचं. बापयांला काय कळतंय. मला कानडी कळायची, पन मी ठरवलं व्हतं, तिचे शब्द माझ्या तोंडातनं काडायचे न्हाईत.

मग एक दिस काय झालं, नीलव्वा नळावर पान्याला गेल्ती, तिचं रांगतं पोरगं सोप्यात भाकरी चगळत बसलं व्हतं. बंड्या गेला आन् त्याच्या अंगड्याची बाही धरून वडाय लागला, भाकरीसाठी असंल न्हाईतर खेळात, पन पोरगं जे किंचाळलं म्हनता. सासूबाई वरडल्या चावलं चावलं, मामंजी मागावरनं उठले ते फळीच घिऊन. मी म्हनलं बंड्या सोड, सोड रं मुडद्या, मानगूट धरून वडला तर आनिकच गच्च धरतोय, फळी वर गेल्याली, आन् माझ्या तोंडातनं निगालं, ब्याड! बंड्या, ब्याड! कुंद्रु!

सोडलं की वो त्यानं. सोडलं आन् माझ्याच पुढ्यात बसला. मी पोराची बाही वर करून मामंजीस्नी दावली, वरखडा बी न्हाई. मामंजींनी फळी खाली ठिवली, म्हनले ऱ्हाऊ दे कुत्रं. दारात नीलव्वा उबी, कंबरंवर घागर. पोराला घेतलं तिनं आन् हसून म्हनली, अक्का, आता तुमचं बी ऐकतंय की. व्हय म्हनलं. तुमचं बी! माझ्या कुत्र्याबद्दल मलाच सांगती.

फुडं जागा पुरंना म्हनून धाकटे दीर बायकापोरास्नी घिऊन अक्कलकोटाला गेले. निगताना नीलव्वा म्हनली, अक्का, ते तुमच्या माहेरचं, तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या, आन् कडक भाकरीची चवड माझ्या हातात दिली. रडत व्हती. मी बी रडले, पन कुत्रं राहिलं म्हनून बरं वाटलं व्हतं, ते बी सांगते.

आता बंड्या म्हातारा झालाय, दात पडल्यात, मी कांड्या भरते आन् तो रहाटाजवळ पडून असतो. मी आता त्याच्यासंगं कानडीच बोलते, आमचं मालक हसत्यात. कडक भाकरी बी मीच करते, दुधात भिजवून देते. आन् दिवाळीला नीलव्वा यायची असली की ती अजून गल्लीच्या तोंडाला असती तवर ह्याचे कान उबे, लंगडत जातो दारापातुर, माझ्याकडं वळून सुदीक बगत न्हाई. बाई चांगली हाय वो ती. देवानं तिचा संसार भरल्याला ठिवावा, लेकराबाळांनी घर गजबजू दे तिचं. पन अक्कलकोटातच.