दुपारी काढून ठेवलेली बॅटरी

काकू, आणि जमलेली मंडळी, माईक तर हातात दिला तुम्ही, पण काय बोलावं ते सुचून नाही राहिलं. एका जागी उभं राहून बोलणं मले जमणार नाही, चकरा मारत बोलतो, माफ करा. दौलत काकाजी गेल्यापासून मले बसवत नाही. जेवायले बसलो का उठतो. बाहेरच्यांसाठी सांगतो, मी प्रमोद. काकाजीच्या घराले लागूनच माझं घर, समोर झेरॉक्सचं दुकान. काकाजी चांगले होते हे सगळेच सांगून राहिले. मी दुसरी गोष्ट सांगायले उभा आहो. काकूले अजून माहीत नाही ती.

आपलं जुनं गाव धरणाच्या पाण्यात गेलं. इथं प्लॉट भेटले, सिमेंटचे रस्ते भेटले. सावली कुठं भेटली? लावलेली झाडं शेळ्यांनी खाल्ली. एसटीतून रिटायर झाल्यावर काकाजीनं जुनी कार घेतली, आणि दर उन्हाळ्यात तिची बॅटरी जाये. लाखनीचा बॅटरीवाला सांगे, काकाजी, उन्हानं आतलं पाणी आटते, गाडी सावलीत ठेवा, मधून मधून पाणी पाहत जा. मग काकाजीनं गाडीसाठी मांडव घातला. बांबूचा, वरतून धानाची तणीस, वाळला पेंढा. आपण किती हसलो. गाडीचं लग्न आहे का काकाजी, असं मीच विचारलं होतं.

मग काय झालं, आठवते ना? दुपारच्या त्या मांडवात मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या येऊन बसू लागल्या, चिंचा फोडायले. काकाजीनं कोणाले उठवलं नाही. गाडीच उन्हात काढली. आणि रोज अकरा वाजता बोनेट उघडून बॅटरी काढत, घरात पलंगाखाली नेऊन ठेवत. चार वाजता परत लावत. रोज.

मी म्हणे, "काकाजी, कायले एवढी मेहनत करता?" ते म्हणत, "हसून राहिला त्याच्यापेक्षा लावायले शीक. कोणाले दुपारी दवाखान्यात न्यायचं काम पडलं तर?" मी म्हणे, उद्या शिकतो. किती उद्या गेले, मंडळी? दोन उन्हाळे गेले. गाडी चालवायले मले त्यांनीच शिकवलं. बोनेटच्या खाली मी कधी पाहिलंच नाही.

त्या दिवशी दुपारी काकाजीच्या छातीत दुखलं. काकूनं हाक मारली, चाबी हातात दिली. मी पलंगाखालून बॅटरी ओढली आणि गाडीत नेऊन ठेवली. दोन वायरी होत्या, दोन्ही ग्रीसनं काळ्या. कोणती कुठं लावायची? काकाजी शुद्धीत होते, आत, दहा पावलांवर. विचारायले काय झालं होतं मले?

लाज वाटली. हो, लाज वाटली. दोन उन्हाळे माणूस सांगून राहिला होता, आता कोणत्या तोंडानं विचारू? मी अंदाजानं लावली. उलटी लागली. ठिणगी उडाली, फ्यूज गेला, गाडी हूं का चूं करेना. शेजारच्या गावातून दुसरी गाडी बोलावली, ती पाऊण तासानं आली. काकाजी रस्त्यातच गेले.

काकू, तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगता, ऐन वेळेवर बॅटरीनं धोका दिला. नाही काकू. बॅटरी चांगली होती. त्यांनी तिले जपलं होतं. मी उलटी लावली. डॉक्टर म्हणतात, लवकर आणलं असतं तरी काही सांगता आलं नसतं. मले ते पटत नाही. तुम्हाले शिव्या द्यायच्या असतील तर द्या मले, सगळ्यांसमोर द्या.

गाडी मी नीट करून आणली. लाखनीत जाऊन शिकून आलो. गाडीच्या पत्र्याले कसलेली वायर मायनसची, दुसरी प्लसची. पहिले प्लस लावायचा, मग मायनस. एवढंच आहे, मंडळी. एवढंच होतं. काल भर दुपारी गाडीजवळ उभं राहून बॅटरी लावली, काढली, परत लावली. घड्याळ लावून पाहिलं. एकदा लावायले तीन मिनिटं लागतात.

श्रद्धांजलीले आपण दोन मिनिटं उभे राहतो. आज हात जोडून मागतो, तीन मिनिटं उभे राहा. केवढा वेळ असतो तो, ते मले तुमच्यासोबत पाहू द्या. काकाजीले तेवढाच पाहिजे होता.

उठा मंडळी. घड्याळ मी पाहतो.