ऑपरेशनचा जिना

नाय नाय, बसा ताई, त्या खोक्यावर बसा — आन आज सुकट घेऊ नका. रोज पावशेर नेता, खात तर नाय, मला काय कळत नाय? वर तुमच्या हापिसात कोण येत नाय म्हणून खाली येऊन बसता. महिना झाला पाटी लावून. रस्त्यात मारहाण झालेल्यांना मदत — महरुन्निसानं वाचून दाखवली मला, ती एसटीडी बूथच्या बाजूची बांगडीवाली. पाटी चांगली हाय. पण का कोण येत नाय, सांगू? हसाल. अहो, हा ऑपरेशनचा जिना! तुमच्या आधी वर कुटुंब नियोजनवाले होते, धा-बारा वर्षं. ते गेले, नाव राहिलं. बाई जिना चढली की अख्खं महाड म्हणणार, झालं हिचं. आन पुरुष चढला तर — जाऊ द्या, त्याला बाजारात तोंड दाखवायची सोय नाय.

आता माझ्या ओळखीची एक बाई हाय, दासगावची. विधवा. एसटीच्या गेटाशी टोपली घेऊन बसायची, लग्न झाल्यापासून तीच जागा. विक्रम रिक्षा चालवणाऱ्या दोन पोरांना तिथं गाडी लावायची होती. ऊठ म्हणाले, नाय उठली — तोंडाची फटकळ मेली. दिली लाथ खांद्यात. सगळा जवळा रस्त्यावर, आन बघणारे बघत उभे. सहदेव कंडक्टर म्हणाला, त्या नव्या मदतवाल्यांकडं जा, वकील देतात, दवाखान्यात सोबत येतात. तर ही म्हणते, नवरा जाऊन इतकी वर्षं झाली, आन मी त्या जिन्यावर? लोक हिशोब करतील! हसा, हसा, मी पण हसते. पण हात वर होत नाय अजून, वेणी सुनेकडनं घालून घेते मी — म्हणजे ती. ती घेते.

असं बघू नका ताई. हो, डावा खांदा. घरी सांगितलं, नदीवर पाय घसरला. इथं सावली बरी म्हणून जागा बदलली, असं सगळ्यांना सांगते — सावली कसली, दुपारभर ऊन असतं. भीती वाटते गो मला त्या गेटाची. परवा ती पोरं इथनं गेली हॉर्न वाजवत, आन मी टोपलीमागं वाकले. मी! जिनं भर बाजारात फौजदाराच्या बायकोला भाव करू दिला नाय.

नाय, खाली नको बोलायला. वर चला. सगळ्यांदेखत चढणार मी. साठी आली माझी, म्हणू देत काय म्हणायचं ते. महरुन्निसा विचारायला धावत येईलच, मग तिला सांगेन वर काय असतं — तिला सांगितलं की पोलादपूरपर्यंत कळतं. अगो महरुन्निसा, टोपली बघ गो जरा, मांजर हाय! — उठा ना ताई. मी काय वर जाऊन भिंतीला सांगू?