चार पावलं मागून

स्मृतिभ्रंश झालेल्यांना दिवसभर सांभाळणाऱ्या केंद्राचं फाटक संध्याकाळी पाचला उघडतं. बाकावर माझ्या शेजारी दोघं बोलत होते.

"काका, आज माझा पहिलाच दिवस. आईला इथं सोडलं आणि घरी जाऊन चक्क सहा तास झोपले. लाजच वाटतेय."

"लाज कसली! मी पहिला आठवडाभर झोपलो. त्याआधी चोवीस तास आम्ही दोघंच घरात. बायको मला चोर म्हणायची आणि मी तिच्यावर खेकसायचो."

"आता ओळखतात तुम्हाला?"

"नवरा म्हणून नाही. पण हल्ली मी दुपारी निवांत दाढी करतो, इस्त्रीचा शर्ट घालतो आणि इथं येऊन थांबतो. लग्नाआधी तिच्या टायपिंग क्लासबाहेर असाच थांबायचो. त्या मुलाला ती बरोब्बर ओळखते."

"काय म्हणतात?"

"'शेजारून चालू नका, बाबा बघतील.' तेव्हाही हेच म्हणायची."

"मग घरी कसं नेता?"

"चार पावलं मागून. वळायचं आलं की खोकतो."

"आणि त्या आपल्या खुशाल पुढे चालतात?"

"छे हो! दर कोपऱ्यावर थांबून बघते, मी येतोय ना."