पिंपळावरचा अनोळखी आवाज

कंधारच्या बसस्थानकात माझ्या शेजारी एक कॉलेजातली मुलगी आणि एक मावशी बोलत होत्या.

"वटवाघळांचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही, मावशी. हे यंत्र टिपतं आणि जात ओळखतं."

"माणसांच्या जातींवर भागलं न्हाई व्हय?"

"महादेवाच्या पिंपळावर दर सोमवारी सांजेला अनोळखी आवाज सापडतोय. सर म्हणाले, नवी जात! हिला तुझंच नाव देऊ. उद्या सोमवार, ते नांदेडहून बघायला येऊन राहिले."

"सोमवारी सांजेला तर मी पिंपळाला प्रदक्षिणा घालते. नेम हाय माझा."

"मावशी, काकणांच्या किणकिणीतही कानाला न ऐकू येणारा बारीक आवाज असतो. जरा वाजवा बरं यंत्रापाशी."

"घे, वाजवली."

"अगं बाई, हाच तो आवाज! आता सरांना काय सांगू?"

"येऊ दे की. वटवाघळाला सोमवारचा उपास असतो, केळी घेऊन या म्हणावं."