शटरच्या खोलीतली मोटारसायकल

मन्हं माहेर विसरवाडीचं, हायवेला लागून, दिवसभर ट्रकच ट्रक, आन लग्न होऊन आली ती म्हसावदले, इथं केळी, कापूस, ऊस, इतकं शांत की आधी मले झोपच लागेना. आमचे मालक घरोघरचं दूध गोळा करून डेअरीले घालत. मोटारसायकलले दोन्हीकडं कॅन लटकवून निघत, त्या आवाजानं गल्ली उठे.

मागच्या थंडीत त्यास्ले लकवा मारला, डावी बाजू गयी. काय सांगू तुम्हाले, जीव वाचला, पाय बी हळूहळू चालाले लागला, पन डावा हात तसाच राहिला, बोटं मिटतच नहीत. डॉक्टर म्हणे, आते गाडी बंद. पन हे चहा झाला की रोज अंगणात जाऊन गाडीवर बसत, नुसते, क्लच दाबून पाहत. दबे नही. मी भांडी घासता घासता बघे, आन बघत नही असं दाखवे. एक दिवस गाडीसकट पडले, कोपर सोललं, मी धावत गेली तर म्हणे, आधी गाडी उचल, पेट्रोल सांडी ऱ्हायनं.

पोऱ्या सुरतले, कापड मार्केटात. फोनवर म्हणे, माय, इकी टाक ती गाडी, येईल त्या भावाले, डोळ्यासमोरून गेली का बाबा विसरतील. मले बी तसंच वाटलं. जेवताना विचारलं, काय करायचं तिचं. त्यांनी घास ताटात परत ठेवला. मंग म्हणे, इकू नको, पन अंगणातून काढ, मले रोज देखावत नही.

घराच्या पुढं शटरची खोली शे, पोऱ्यानं बांधताना कारसाठी काढलेली, कार काही आली नही, ठिबकच्या जुन्या नळ्या पडलेल्या. मी खोली झाडली. शेजारचा सुभाष म्हणे, काकू, मी लोटी देस. मालक म्हणे, नको, आम्ही दोन्ही करतस. ते उजव्या हातानं हँडल धरून बाजूले, मी मागून लोटत होती. दारापुढं चढ शे, तिथं अर्ध्यावर मन्हा पाय सरकला, गाडी मागं याले लागली, मी ओरडली, तर त्यांनी पुढचा ब्रेक दाबला, गच्च. म्हणे, दम खाय, मी धरेल शे. मी गाडीलेच टेकून उभी राहिली. ते आजारी पडल्यापासून पहिल्यांदा भार त्यांच्याकडं होता.

मंग ते स्टुलावर बसून सांगत, मी करत होती. डबल स्टँडवर घे, खाली फळी टाक, पेट्रोल नळीनं काढ, बॅटरीच्या तारा सोड, सायलेन्सरमध्ये चिंधी खोच नहीतर उंदीर घर करतील. वर प्लॅस्टिक टाकत होती तर म्हणे, ते नको, ओल धरतं, जुनी चादर टाक. शटर त्यांनीच ओढलं. त्या दिवशी जेवले नही. मी बी आग्रह केला नही.

आते पायी डेअरीपर्यंत जातात, दूध घालाले नही, चार मानसांत बसाले. रस्त्यात पोरं गाडी थांबवत, म्हणत, बसा बाबा, तर हे हात हलवून पुढं. दुसऱ्याच्या मागं कधी बसलेच नव्हते ना. परवा उन्हात यायले उशीर झाला, मी दारात उभी, मन्हा जीव खालीवर, तर सुभाष गाडीवर आला आन मागं आमचे मालक, उजवा हात त्याच्या खांद्यावर. उतरले, त्याले म्हणे, गाडी बरी चालाडस, पन वळणावर ब्रेक उशिरा मारस. सुभाष हसला. मी पाणी आणून दिलं.

असं शे बघा. देवानं ठेवलं त्याच्यात बरं शे, तुमचं बी बरं होवो. चहा ठेवते, घेतल्याशिवाय उठू नका.