गोळ्या चालू असेपर्यंत वस्तरा नाही

...थांबा, थांबा, हलू नका, तोंडाला फेस आहे — काय म्हणालात? गोळ्या स्वतःच बंद केल्या? मला वाटलं डॉक्टरांनी थांबवल्या, म्हणून तर फेस लावला! कुणाला विचारून? — मी? मी सांगितलं? अहो काका, मी म्हटलं होतं, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत तोवर मी वस्तरा लावणार नाही, नुसतं मशीन फिरवीन. जरासं कापलं तरी रक्त थांबत नाही, तुरटी घासून घासून हात भरून येतो, म्हणून. तर तुम्ही गोळ्याच बंद केल्या? दाढीसाठी? धन्य आहे तुमची! — हो, लेक येतेय संध्याकाळी, माहितीय, सकाळपासून गल्लीभर सांगत सुटलाय. आजारी दिसू नये तिला. बापाला वाटणारच म्हणा.

पण तो ताप काय साधा होता? ऑक्सिजनवर होतात तुम्ही! आता बरं वाटतंय म्हणता — दादालाही वाटत होतं. माझा थोरला भाऊ हो. याच दुकानात, त्या पलीकडच्या खुर्चीमागे उभा असायचा. तोही असाच दवाखान्यातून परत आला, हसत. मग कात्री लागली बोटाला, गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या टॉवेलवर रक्तच रक्त. शरमला बिचारा. म्हणाला, या गोळ्यांनी धंदा बसेल माझा. सोडल्या. आम्हाला पत्तासुद्धा लागू दिला नाही.

डॉक्टरांनी नंतर समजावलं मला. विषाणू जातो हो, पण त्याच्याशी लढायला अंगात जी आग पेटते, ती लगेच विझत नाही. रक्तवाहिन्या आतून सुजतात, त्यांचं अस्तर खरबरीत होतं. रक्ताला वाटतं, जखम झालीय — आणि ते गोठायला लागतं. गालावर कापलं तर खपली धरते, ते चांगलंच की. पण आत, जखम नसताना गाठ धरली तर? पायात धरते, तिथून सुटते, थेट फुप्फुसात जाऊन अडकते. समोरच्या गिऱ्हाइकाचे केस कापत होता दादा. अर्धेच झाले होते, तिथेच कोसळला, गेला. बाकीचे मग मी... जाऊ दे. थकलोय हो मी. दोघांचं काम एकट्याने करायचं, वर लोकांची बडबड ऐकायची.

काय? पोटरी दाबून देऊ? का, काय झालंय पोटरीला? — पायजमा वर घ्या बघू. अगं आई गं. हा पाय केवढा आणि तो केवढा! गरमही लागतोय. कधीपासून? — नाही, मालिश नाही! चोळायचं नाही, तुम्हीही हात लावू नका. उठूही नका. ए, बाहेर कोण आहे? एक गाडी थांबवा, दवाखान्यात जायचंय, लगेच!

कुठे ठेवू म्हणता पाय? त्या खुर्चीवर? ती... ठेवा. ठेवा हो. मोडकी नाहीये ती. मी आपलं सगळ्यांना सांगतो मोडकी आहे म्हणून, कुणी बसू नये म्हणून. रोज पुसतो मी ती. ठेवा पाय.

इकडे बघा, फेस पुसतो. आरशात काय बघताय? दाढीवाला बाप चालेल तिला. मी फोन करतो, परस्पर दवाखान्यात येईल ती. — पैसे? कसले पैसे? दाढी केली का मी तुमची? आली गाडी. हात द्या. — नाही, बोलू नका आता. चला.